खुब्याचं हाड मोडलं: कार्ड ५ लाखांचं, पण घड्याळ ४८ तासांचं

७ डिसेंबर २०२३ च्या रात्री तेलंगणाचे माजी मुख्यमंत्री के. चंद्रशेखर राव आपल्या फार्महाऊसवर पडले आणि त्यांचा डावा खुबा मोडला. वय ६९. दुसऱ्याच दिवशी, ८ डिसेंबरला, हैदराबादच्या यशोदा रुग्णालयात त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर लगेचच वॉकर धरून त्यांना चालवत असल्याची दृश्यं वृत्तवाहिन्यांवर दिसली.

बरोबर एका वर्षानं, डिसेंबर २०२४ मध्ये, अमेरिकेच्या संसदेच्या माजी सभापती नॅन्सी पेलोसी लक्झेंबर्गच्या दौऱ्यावर असताना पडल्या. वय ८४. त्यांना जर्मनीतल्या अमेरिकी लष्करी रुग्णालयात नेण्यात आलं आणि तिथे लगोलग खुब्याचा सांधा बदलण्यात आला. ३ जानेवारी २०२५ ला त्या अमेरिकेच्या संसदेत मतदानाला हजर होत्या.

या दोघांना चांगले डॉक्टर मिळाले हे खरंच. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्यांना वेळ गमवावा लागला नाही. पडणं, एक्स-रे, ऑपरेशन आणि पुन्हा उभं राहणं यात फारसे दिवस गेले नाहीत.

देहूरोडच्या एखाद्या घरात आजी बाथरूममध्ये घसरून पडतात तेव्हा काय होतं? शेजारी गोळा होतात, मुलाला चाकणच्या कंपनीत फोन जातो, कुणी तेल लावून पाहा म्हणतं, कुणी 'या वयात ऑपरेशन नको' म्हणतं. मग कोणतं कार्ड चालेल, कोणत्या दवाखान्यात चालेल, याची शोधाशोध सुरू होते. यात दोन-तीन दिवस सहज जातात आणि खुब्याच्या फ्रॅक्चरमध्ये सगळ्यात महाग पडतात ते हेच दिवस.

खुबा मोडतो म्हणजे काय होतं?

मांडीच्या हाडाचा वरचा गोल भाग कमरेच्या खोबणीत बसतो. हा बॉल आणि खालचं सरळ हाड यांना जोडणारा भाग म्हणजे हाडाची मान. वय वाढतं तसं हाड ठिसूळ होतं. मग उभ्याउभ्या पडलं तरी हे हाड मानेपाशी किंवा तिच्या जरा खाली मोडतं. त्यासाठी गाडीचा अपघात व्हावा लागत नाही.

मानेपाशी मोडलं तर बॉलचा रक्तपुरवठा तुटू शकतो, म्हणून ज्येष्ठांमध्ये बहुतेक वेळा बॉल किंवा पूर्ण सांधा बदलतात. त्याखाली मोडलं तर रॉड किंवा प्लेट-स्क्रू टाकून हाड जोडतात.

ओळखायचं कसं? जांघेत जोरात दुखतं, पाय उचलता येत नाही, उभं राहता येत नाही. अनेकदा तो पाय आखूड दिसतो आणि पंजा बाहेरच्या बाजूला वळलेला असतो. मात्र हाडाला नुसती चीर गेली असेल तर कधी कधी यातलं फारसं काही दिसत नाही. कधी दुखणं फक्त गुडघ्यात जाणवतं, कधी पहिल्या एक्स-रेमध्येही चीर सापडत नाही. त्यामुळे पडल्यानंतर ज्येष्ठ व्यक्तीला पायावर भार देताच येत नसेल, तर 'मुका मार' म्हणून घरी ठेवणं धोक्याचं. अशा वेळी सीटी स्कॅन किंवा एमआरआय करावा लागतो.

हाड नव्हे, अंथरूण जिवावर बेततं

पाश्चात्त्य देशांतल्या अभ्यासांत खुबा मोडलेल्या ज्येष्ठांपैकी साधारण २० ते ३० टक्के लोक वर्षभरात दगावल्याचं दिसतं. वाचलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना आधीसारखं चालता येत नाही. यातले काही आधीपासूनच हृदय, फुप्फुस किंवा मूत्रपिंडाच्या आजारानं खंगलेले असतात, म्हणून सगळा दोष फ्रॅक्चरला देता येत नाही. पण उरलेल्या धोक्याचा मोठा भाग पडून राहण्यातून येतो.

माणूस उताणा पडून राहिला की श्वास उथळ होतो, खोकून कफ बाहेर पडत नाही आणि न्यूमोनिया होतो. पाय हलत नाहीत, त्यामुळे शिरांमध्ये रक्ताच्या गाठी होतात. त्यातली एखादी फुप्फुसात जाऊन अडकली तर काही मिनिटांत जीव जाऊ शकतो. लघवीची नळी जास्त दिवस राहिली की जंतुसंसर्ग होतो. माकडहाड आणि टाचेवर सतत दाब राहिला की बेडसोअर होतात. एकदा झालेली ही जखम भरायला कित्येक आठवडे लागतात.

काही धोके डोळ्यांना दिसतच नाहीत. मोडलेल्या हाडातून मांडीच्या आत बरंच रक्त साचू शकतं, बाहेर मात्र थेंबही दिसत नाही. हिमोग्लोबिन उतरतं आणि हृदयावर ताण येतो. वारंवार बेडपॅन मागायला नको म्हणून अनेक आजी-आजोबा पाणी पिणंच कमी करतात. त्यातून शरीर कोरडं पडतं आणि मूत्रपिंडं थकतात. त्यात भरपूर वेदनाशामक गोळ्या दिल्या गेल्या तर मूत्रपिंडाला आणखी इजा होते.

घरच्यांना सगळ्यात घाबरवणारी गोष्ट म्हणजे भ्रम. कालपर्यंत नीट बोलणाऱ्या आजी रात्री असंबद्ध बोलू लागतात, माणसं ओळखत नाहीत, सलाईन उपटून काढतात. 'डोक्यावर परिणाम झाला' असं म्हणून घर हादरतं. हा बहुतेक वेळा वेदना, संसर्ग, पाणी कमी पडणं, झोपमोड आणि औषधं यांचा एकत्र परिणाम असतो. कारण शोधून उपचार केले तर अनेकदा तो उतरतो. चष्मा आणि कानाचं यंत्र जवळ असणं, ओळखीचा माणूस शेजारी बसणं, दिवसा उजेड आणि रात्री अंधार असणं, एवढ्यानंही मोठा फरक पडतो.

शिवाय स्नायू झपाट्यानं झिजतात. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात निरोगी ज्येष्ठांना १० दिवस अंथरुणात ठेवण्यात आलं होतं. एवढ्यात त्यांच्या पायांमधलं जवळपास १ किलो मांस कमी झालं. हे निरोगी माणसांचं झालं. फ्रॅक्चर झालेल्या, नीट न जेवणाऱ्या ८० वर्षांच्या माणसाचं काय होत असेल, याचा अंदाज यावरून येतो.

मग ऑपरेशन किती तासांत व्हावं?

ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचना सांगतात की दाखल झालेल्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया करावी आणि त्याच्या पुढच्या दिवशी रुग्णाला अंथरुणातून उठवावं. साधारणपणे २४ ते ४८ तास ही मर्यादा जगभर धरली जाते.

याहून घाई केली तर आणखी फायदा होतो का? ते पाहण्यासाठी भारतासह १७ देशांतल्या जवळपास ३,००० रुग्णांवर मोठा अभ्यास झाला आणि २०२० मध्ये तो 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाचं ऑपरेशन निदानानंतर साधारण ६ तासांत झालं, दुसऱ्याचं साधारण २४ तासांत. मृत्यूच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडला नाही. मात्र लवकर ऑपरेशन झालेल्यांमध्ये भ्रम आणि लघवीचा संसर्ग कमी होता, ते लवकर उभे राहिले आणि लवकर घरी गेले.

याचा अर्थ साधा आहे. मध्यरात्री थिएटर उघडायलाच हवं असं नाही, पण आठवडाभर थांबायलाही कारण नाही. हृदय फेल होत असेल, छातीत संसर्ग असेल, रक्त पातळ करणारं काही औषध चालू असेल तर डॉक्टर आधी ते सावरतात. तो वेळ उपचाराचा असतो. जो वेळ 'पाहुणे आले की ठरवू', 'सोमवारी बघू', 'मंजुरी यायची आहे' यात जातो, तो वाया जातो.

पायाला वजन लावून काही दिवस वाट पाहण्याची पद्धत आपल्याकडे अजून दिसते. ऑपरेशनआधी सरसकट वजन लावल्यानं वेदना कमी होतात किंवा ऑपरेशन सोपं होतं, असं अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात दिसलेलं नाही. त्याऐवजी जांघेजवळ इंजेक्शन देऊन नस बधिर केली तर वेदना चांगल्या कमी होतात आणि गुंगी आणणारी औषधंही कमी लागतात.

'या वयात ऑपरेशन कशाला?'

जवळपास प्रत्येक घरात हा प्रश्न येतो आणि त्यामागे माया असते. पण प्रश्न असा मांडला की वाटतं, एका बाजूला ऑपरेशनचा धोका आणि दुसऱ्या बाजूला धोका नसलेलं घर. प्रत्यक्षात दुसऱ्या बाजूला असतात मोडलेल्या हाडाच्या वेदना, कूस बदलतानाचं ओरडणं आणि वर सांगितलेले सगळे धोके. म्हणूनच फिरत्या माणसासाठी बहुतेक वेळा ऑपरेशन हाच कमी धोक्याचा मार्ग ठरतो. आधीच अंथरुणाला खिळलेल्या किंवा अखेरच्या आजारात असलेल्या व्यक्तीबाबत निर्णय वेगळा असू शकतो. मात्र तोही डॉक्टरांशी बोलून आणि वेदना आटोक्यात ठेवून घ्यायचा असतो.

भुलीची भीतीही मोठी असते. पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करायचा की पूर्ण भूल द्यायची, यावर अमेरिका आणि कॅनडात १,६०० रुग्णांवर अभ्यास झाला. २०२१ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. दोन महिन्यांनंतरचे मृत्यू आणि चालण्याची क्षमता, दोन्हींत फरक आढळला नाही. कोणती भूल द्यायची ते भूलतज्ज्ञ रुग्णाची तब्येत पाहून ठरवतात. घरच्यांनी त्यावरून ऑपरेशन पुढे ढकलण्याचं कारण नाही.

देहूरोडची अडचण: दारं पाच, पहिलं कोणतं?

देहूरोड हे लष्करी छावणीभोवती वाढलेलं गाव. कॅन्टोन्मेंट बोर्ड संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत, निगडीपासून पुढे पिंपरी-चिंचवड महापालिका आणि दुसऱ्या बाजूला तळेगावची नगर परिषद. त्यामुळे इथल्या ज्येष्ठांचा उपचाराचा मार्गही घराघराप्रमाणे बदलतो.

डेपो किंवा ऑर्डनन्स फॅक्टरीतून केंद्र सरकारी कर्मचारी म्हणून निवृत्त झालेल्यांपैकी अनेकांकडे सीजीएचएस आहे. माजी सैनिक आणि त्यांच्या कुटुंबासाठी ईसीएचएस. चाकण, तळवडे किंवा भोसरीत महिना २१,००० रुपयांपर्यंत पगारावर काम करणाऱ्या विमाधारक कामगाराच्या अवलंबून आई-वडिलांना ईएसआयसी लागू होतं आणि त्याचं रुग्णालय चिंचवडच्या मोहननगरमध्ये आहे. त्याहून जास्त पगार असेल तर कंपनीचा मेडिक्लेम, ज्यात आई-वडील असतीलच असं नाही. उरलेल्यांसाठी राज्याची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि केंद्राची आयुष्मान भारत.

रुग्णालयं जवळपास आहेत. पिंपरीत महापालिकेचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आणि डॉ. डी. वाय. पाटील वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, तळेगावात डॉ. भाऊसाहेब सरदेसाई ग्रामीण रुग्णालय, औंधला जिल्हा रुग्णालय आणि पुण्यात ससून. १०८ ची रुग्णवाहिका २०१४ पासून राज्यात मोफत मिळते. अंतराचा प्रश्न इथे दुर्गम तालुक्याइतका बिकट नाही. अडचण अशी की कोणतं कार्ड कोणत्या दारात चालतं, हे पडल्यानंतर शोधायला सुरुवात होते. एका दवाखान्यात जाऊन दुसरीकडे आणि तिथून तिसरीकडे, असा प्रवास झाला की एक पूर्ण दिवस हातातून जातो.

औद्योगिक पट्ट्यातली दुसरी अडचण घरातच असते. मुलगा पहिल्या पाळीत, सून दुसऱ्या ठिकाणी कामाला, नातवंडं शाळेत. आजी सकाळी १० ला पडल्या तर संध्याकाळपर्यंत फरशीवर पडून राहू शकतात. तासन्‌तास एका कुशीवर पडून राहिल्यानं स्नायू चिरडतात, शरीर कोरडं पडतं आणि दवाखान्यात पोहोचण्याआधीच मूत्रपिंडावर ताण येतो. गळ्यात अडकवलेला साधा मोबाईल, शेजाऱ्यांकडे एक किल्ली आणि दिवसातून दोन ठरलेले फोन, एवढ्या सोयीनं हे तास वाचतात.

पैशाचा प्रश्न हलला, वेळेचा?

गेल्या काही काळात पैशाच्या बाजूनं मोठे बदल झाले. १ जुलै २०२४ पासून महाराष्ट्रात जन आरोग्य योजनेचं ५ लाखांचं संरक्षण सर्व कुटुंबांसाठी खुलं झालं. २९ ऑक्टोबर २०२४ ला केंद्रानं ७० आणि त्यापुढच्या वयाच्या सगळ्यांना, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान भारतमध्ये घेतलं. यासाठी 'आयुष्मान वय वंदना' कार्ड आधारवरून काढता येतं. ईएसआयसी किंवा खासगी विमा असलेल्यांनाही ते मिळतं. सीजीएचएस किंवा ईसीएचएसवाल्यांना मात्र दोन्हीपैकी एक निवडावं लागतं.

पण या योजनांमध्ये पॅकेजचा दर कोणती शस्त्रक्रिया झाली यावर ठरतो. ती पहिल्या दिवशी झाली की आठव्या, रुग्ण दुसऱ्या दिवशी उभा राहिला की दहाव्या, हे सामान्य माणसाला कुठे पाहायला मिळत नाही.

ब्रिटननं नेमकं इथेच बोट ठेवलं. २००७ मध्ये तिथे खुब्याच्या फ्रॅक्चरची राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली. कोणत्या रुग्णालयात किती तासांत ऑपरेशन झालं, वृद्धांच्या आजारांच्या तज्ज्ञानं रुग्ण पाहिला का, महिनाभरात किती दगावले, हे सगळं त्यात नोंदवलं जाऊ लागलं. २०१० पासून इंग्लंडमध्ये ३६ तासांत ऑपरेशन आणि इतर काही निकष पाळले तर रुग्णालयाला जास्त पैसे मिळू लागले. २००७ ते २०११ या काळात नोंदवहीत सामील रुग्णालयांमध्ये ३० दिवसांतले मृत्यू सुमारे ११ टक्क्यांवरून साडेआठ टक्क्यांवर आले. त्यासाठी कोणतं नवं औषध लागलं नाही. वेळ मोजली गेली आणि हाडाचे डॉक्टर व वृद्धांचे डॉक्टर एकत्र काम करू लागले.

भारतात सगळ्या रुग्णालयांना सामावणारी अशी देशव्यापी नोंदवही नाही. प्रश्न मात्र छोटा नाही. हरियाणातल्या रोहतक जिल्ह्यात झालेल्या अभ्यासात पन्नाशीपुढच्या लोकसंख्येत वर्षाला लाखामागे सुमारे १२९ जणांचा खुबा मोडतो असं आढळलं होतं. महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेतच साठीपुढचे लोक जवळपास १० टक्के होते आणि हे प्रमाण वाढतं आहे.

पहिल्या दोन दिवसांत घरच्यांनी काय पाहावं?

पडलेल्या माणसाला ओढून उभं करू नये, मालिश करू नये, हाड बसवणाऱ्याकडे नेऊ नये. पाय आहे त्या स्थितीत उशीनं आधार देऊन १०८ ला फोन करावा. रोजच्या औषधांची चिठ्ठी किंवा गोळ्यांची पाकिटं, जुने रिपोर्ट, आधार, रेशन कार्ड आणि योजनेचं कार्ड सोबत घ्यावं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते लगेच सांगावं.

दवाखान्यात पोहोचल्यावर विचारायचे प्रश्न असे:

• ऑपरेशन कधी होणार? ४८ तासांच्या पुढे जाणार असेल तर नेमकं कारण काय?
• वेदनेसाठी नस बधिर करण्याचं इंजेक्शन देता येईल का?
• हृदय, साखर, मूत्रपिंड पाहायला फिजिशियन येणार आहेत का?
• रक्ताच्या गाठी होऊ नयेत म्हणून काय देताय?
• ऑपरेशननंतर खुर्चीत कधी बसवणार, उभं कधी करणार?
• लघवीची नळी कधी काढणार?

योजनेत सामील रुग्णालयांमध्ये 'आरोग्यमित्र' बसतात. कोणतं ऑपरेशन आणि कोणता इम्प्लांट योजनेत बसतो, हे त्यांच्याकडून पहिल्याच दिवशी विचारून घ्यावं. राज्याच्या योजनेची हेल्पलाइन १५५३८८ आणि आयुष्मान भारतची १४५५५ आहे. तिथे सोय होत नसेल तर दुसरीकडे हलवण्याचा निर्णय पहिल्या काही तासांतच घ्यावा, तिसऱ्या दिवशी नाही.

एक खुबा मोडला की दुसऱ्याचाही धोका

घरी आल्यावर 'आता आराम करा' हा सल्ला सगळ्यात घातक ठरतो. डॉक्टरांनी परवानगी दिली की वॉकर धरून रोज थोडं थोडं चालणं, छातीचे व्यायाम आणि डाळ, अंडी, दूध यांतून पुरेशी प्रथिनं, हा उपचाराचाच भाग आहे.

जे हाड एकदा मोडलं ते ठिसूळ होतं म्हणून मोडलं. त्या ठिसूळपणावर उपचार झाला नाही तर दुसरं फ्रॅक्चर वाट पाहत असतं. २००७ मधल्या एका मोठ्या अभ्यासात खुब्याच्या ऑपरेशननंतर वर्षातून एकदा झोलेड्रॉनिक ॲसिडचं इंजेक्शन दिलेल्या रुग्णांमध्ये नवी फ्रॅक्चर ३५ टक्क्यांनी आणि मृत्यू २८ टक्क्यांनी कमी झाले. हे औषध सगळ्यांना चालत नाही. मूत्रपिंडाची तपासणी आणि ड जीवनसत्त्व, कॅल्शियमची पातळी पाहूनच ते देतात. पण डिस्चार्जच्या वेळी 'हाडांच्या ठिसूळपणासाठी काय?' हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

पडण्यामागची कारणंही शोधावी लागतात. ओली बाथरूम, धरायला दांडी नसलेलं भारतीय शौचालय, उंच उंबरठा, रात्री लघवीला जाताना अंधार, झोपेची गोळी, उभं राहताच रक्तदाब उतरवणारी औषधं, न काढलेला मोतीबिंदू. यातल्या बऱ्याच गोष्टींवर उपाय स्वस्त आहेत. एक दांडी आणि रात्रीचा एक छोटा दिवा यांचा खर्च खुब्याच्या ऑपरेशनच्या बिलात कुठे दिसणारही नाही.

सरकारनं ५ लाखांपर्यंतची हमी दिली, हे मोठं पाऊल आहे. त्या हमीला तासांचं मोजमाप जोडलं जाईपर्यंत घड्याळाकडे लक्ष ठेवण्याचं काम घरच्यांनाच करावं लागणार आहे. म्हणून घरात सत्तरीपुढचं कुणी असेल तर कार्ड आजच काढून ठेवावं, ते कोणत्या रुग्णालयात चालतं याची खात्री आजच करावी आणि तो कागद फ्रिजवर सगळ्यांना दिसेल असा चिकटवावा.